जित्या माणसाला आडवं नेताना

"मॅडम, फळीचं उद्घाटन चेअरमनसाहेबांच्या हस्ते करायचं ठरलंय," नानासो म्हणाले. "तारीख तेवढी मिळायची आहे."

नानासो म्हणजे साखर कारखान्याचे कामगार कल्याण अधिकारी. माणूस सज्जन होता. त्यांच्या टेबलासमोर मी चौथ्यांदा बसले होते. शहाण्णव सालचा डिसेंबर होता, गळीत हंगाम ऐन भरात होता, आणि खिडकीतून मळीचा वास आत येत होता.

"जखमी माणसाला न्यायच्या फळीला उद्घाटन कशाला?"

"नवीन वस्तू आहे. नारळ तरी फुटला पाहिजे. ॲम्ब्युलन्स आली तेव्हाही फोडला होता."

"आणि तोवर कुणी पडलं तर?"

"तोवर आहेच की जुनी पद्धत."

जुनी पद्धत मला माहीत होती. त्याच पद्धतीने माझे वडील पलूसहून सांगलीला आले होते.

अण्णांनी वाईच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. आई गेल्यावर ते सांगलीला माझ्याकडे राहायला आले. मी तिथे एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्याच वर्षी जानेवारीत एका जुन्या विद्यार्थ्याच्या घराची वास्तुशांत होती म्हणून ते एम-एटीवरून पलूसला गेले. परत येताना खडीवर गाडी घसरली. रक्त आलं नाही. चष्मासुद्धा फुटला नाही. कारखान्याची ॲम्ब्युलन्स मागून येत होती. ड्रायव्हरने आणि रस्त्यावरच्या दोघांनी त्यांना उचललं, मागच्या बाकावर बसवलं, आणि दोन्ही बाजूंनी बगलेत हात घालून ते दोघे सांगलीपर्यंत त्यांना धरून बसले. निघताना अण्णा हातपाय हलवत होते. रस्त्यावरच्या कुणीतरी फोन केला होता म्हणून मी हॉस्पिटलच्या दारात उभी होते. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते मान जराशी कलती ठेवून ताठ बसलेले होते; हाताची बोटंही हलत नाहीत, हे उतरवून घेतल्यावर कळलं. पुढे अकरा दिवस ते जगले.

"मणका सरकला होता," डॉक्टर अनीश मला म्हणाले. हाडांच्या विभागातले ते तरुण डॉक्टर. "आडवं ठेवून, मान धरून आणलं असतं तर कदाचित." हे त्यांनी मला सांगायची काही गरज नव्हती. सांगितलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, आणि त्या 'कदाचित'साठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

परदेशातल्या मित्राने पाठवलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक त्यांनी मला दिलं. अपघाताच्या जागेपासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत माणसाला कसं न्यायचं, एवढाच त्याचा विषय. मी ते सूचीसकट वाचून काढलं. मग त्याचं मराठी करायला बसले. मला एकच गोष्ट हवी होती: त्या गाडीतून पुन्हा कुणी बसून येऊ नये.

छपाई साताऱ्याला मावसभावाच्या छापखान्यात होणार होती. आधी एखाद्या सरकारी माणसाला दाखव, असं त्याने सुचवलं, म्हणून मी तिथल्या एका कार्यालयात हस्तलिखित घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "पॅरामेडिकला मराठी शब्द काय धरलाय?"

"मिळाला नाही. 'गाडीतला माणूस' असं लिहिलंय."

"असं पदच नाही आपल्याकडे. पदावर नसलेल्या माणसाला सूचना कशा देता येतील?"

मी चिडून बाहेर आले, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. इंग्रजी पुस्तकाच्या प्रत्येक पानावर तो माणूस होता. एक डोकं धरायचा, दुसरा पट्टे बांधायचा, तिसरा श्वास मोजायचा. आमच्या गाडीत ड्रायव्हर होता आणि त्याचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. म्हणून मी कापत गेले. औषधं कापली, यंत्रं कापली, सह्या घ्यायचे कागद कापले. चारशे पानांची सोळा पानं झाली. श्वास चालू आहे का बघा. पाणी पाजू नका. मान हलू देऊ नका. सपाट फळीवर घ्या, बांधा, आडवं न्या.

फळी सांगलीतल्या सुताराकडून मीच करून घेतली. सहा फुटी प्लायवूड, कडेला हात घालायला खाचा, आणि खाटेच्या सुती नवारीचे सहा पट्टे. नानासोंनी ती स्टोअरमध्ये कुलपात ठेवली. बरीच हुज्जत घातल्यावर एका रविवारी दुपारी ती "सरावापुरती" बाहेर काढायची परवानगी मिळाली.

कँटीनच्या मागच्या शेडमध्ये सात ड्रायव्हर आले होते. दोघे ॲम्ब्युलन्सवर पाळीपाळीने असायचे, बाकीचे जीपवर आणि ट्रॅक्टरवर. मी फळीवर धुतलेली पांढरी चादर अंथरली, पुस्तकाच्या प्रती वाटल्या, आणि तासभर बोलले. ते ऐकत होते. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, डोकं-खांदे-कंबर एका रेषेत कसे ठेवायचे, हे मी तीन वाक्यांत सांगत होते, तेव्हा जोतिबा नावाचे म्हातारे ड्रायव्हर म्हणाले, "म्हंजी उसाची मोळी वळवतो तसं. मधनं वाकाय नगं." मी ते लगेच लिहून घेतलं. त्या दुपारी मला एवढी एकच गोष्ट बरी वाटली.

"आता करून बघू," मी म्हटलं. "कोण झोपतंय?"

कुणीच पुढे आलं नाही.

"जा की रं," एकजण शेजारच्याला म्हणाला. "न्हाईतरी दिसभर झोपल्यालाच आसतोस."

"माज्या बायकोला सातवा हाय. मी न्हाई त्यावर पडत."

"मग जोतिबातात्या."

"मला म्हाताऱ्याला कशाला आताच? आन उठीवलंच न्हाई म्हंजी?"

सगळे हसले. मी हसले नाही. "ही फक्त फळी आहे," मी म्हटलं.

"आवं ताई, तुमास्नी फळी दिसती," जोतिबा म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती. "आमास्नी तिरडी दिसती. सहा फुटाची, वर पांढरं, आन बांधायचं सहा ठिकाणी. जिता माणूस त्यावर कसा पडंल?"

मग मीच झोपले. साडीचा पदर खोचला आणि त्या चादरीवर सरळ पडले. वर पत्र्याला एक भोक होतं, त्यातून ऊन येत होतं. मी म्हटलं, "बांधा." कुणी हात लावला नाही. एकाने डोक्यावरची टोपी काढली, मग काय करतोय हे ध्यानात येऊन परत घातली. जोतिबांनी तोंड फिरवलं. "उठा ताई," ते म्हणाले. "लेकीबाळीला आसं बघवत न्हाई. उठा, च्या घ्या."

मी उठले. राग इतका होता की चहा घेता येईना. माझं म्हणणं यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी ते उद्या माणूस बसवूनच नेणार होते.

त्या सातांत बिरदेवही होता. अण्णांना आणणारा ड्रायव्हर तो. आटपाडीकडचा धनगर, पस्तिशीचा, खांद्यावर कायम घडी घातलेली घोंगडी. हा कारखाना मी निवडला तो त्याच्यासाठी. ज्या हातांनी अण्णांना बसवलं, त्या हातांनी आधी शिकावं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. ते फार उदात्त होतं असं आता वाटत नाही. दुपारभर तो खांबाला टेकून उभा होता. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाला, "त्ये पांढरं काढा ताई."

"स्वच्छ कापड हवं. पुस्तकात तसं आहे."

"पुस्तकात असंल," तो म्हणाला आणि कप ठेवायला गेला.

तेवढ्यात नानासो धावत आले. शेती गटाच्या ऑफिसातून फोन आला होता. आमणापूरच्या रस्त्याला एक माणूस भरलेल्या ट्रॉलीवरून पाठीवर पडला होता. बिरदेवने किल्ल्या घेतल्या. मी फळीचं एक टोक धरलं आणि दुसरं धरायला कुणी येतंय का म्हणून बघितलं.

"मॅडम, ती स्टोअरला जमा करायची आहे," नानासो म्हणाले. "सरावापुरतीच सही आहे."

"मग हा सरावच समजा."

दुसरं टोक बिरदेवने धरलं. जोतिबा आपणहून मागे चढले.

तो माणूस वावराच्या कडेला उसाच्या पाचटावर पडला होता. त्याचं नाव दादासो, वय तीसेक. भोवती वीस माणसं होती. एकजण तांब्या घेऊन त्याच्या तोंडाशी वाकलेला, एकजण त्याच्या काखेत हात घालून उचलायच्या बेतात. त्याची आई रंगुबाई डोक्याशी बसून त्याच्या गालावर हात फिरवत होती.

"थांबा," मी म्हटलं. "उचलू नका. पाणी नको."

"ह्या कोन?" तांब्यावाला म्हणाला.

उत्तर द्यायला माझ्याकडे पद नव्हतं. मी दादासोच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसले आणि त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. पुस्तकातल्या चित्रात असतं तसंच. केसांत धूळ होती आणि डोकं गरम होतं. श्वास चालू होता. "पायाची बोटं हलवून दाखव," मी म्हटलं. त्याने हलवली. डाव्या पायाची जरा कमी.

बिरदेव आणि जोतिबांनी फळी आणली. वर माझी पांढरी चादर होती, पट्टे बाजूला लोंबत होते.

रंगुबाई उठून उभी राहिली. "ह्ये काय आणलंसा?"

"यावरून न्यायचं आहे, मावशी. मान मोडली असेल तर..."

"जित्या लेकराला तिरडीवं बांधताय? आन त्ये बी माज्या देखत?" तिचा आवाज वर गेला नाही. तिने फक्त माझ्या आणि फळीच्या मध्ये येऊन पाय रोवले. "बसवून न्या. न्हाईतर हितंच ऱ्हाऊंद्या. मी नेती बैलगाडीतनं."

मी तिला समजावू लागले. मणका, मज्जारज्जू, कायमचं अपंगत्व. माझं मराठी मलाच परकं वाटत होतं. तिने ऐकलंच नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई शिकल्याली दिसती, पर लेकुरवाळी न्हाई वाटतं." ते खरं होतं आणि त्याचा इथे काही संबंध नव्हता. उचलणाऱ्याने पुन्हा दादासोच्या काखेत हात घातले. मी डोकं सोडलं नाही. आता हे सगळं परत होणार, आणि यावेळी मी समोर असताना होणार, एवढंच मला दिसत होतं.

बिरदेवने चादर ओढून काढली आणि चुरगाळून गाडीच्या दिशेने फेकली. मग खांद्यावरची घोंगडी उलगडली, झटकली आणि काळ्या बाजूने फळीवर अंथरली. चारही कोपरे हाताने सारखे केले. लाकूड कुठे दिसेनासं झालं. मग रंगुबाईला म्हणाला, "आये, घोंगडं हाय. देवाच्या, बिरुबाच्या म्होरं हातरतो त्ये. ह्याच्यावं मेल्यालं कुनी न्हेत न्हाई. तूच सांग, न्हेत्यात का?"

रंगुबाईने घोंगडीकडे बघितलं. खाली वाकून तिला हात लावला, तो हात कपाळाला लावला. "न्हाई न्हेत," ती म्हणाली.

"मग सर बाजूला. आन बांधायला तुजाच पदर दे म्हनलो आसतो, पर पट्टे हायती."

ती बाजूला झाली. जोतिबा "मोळी, मोळी" म्हणत राहिले, तांब्यावाल्यालाही हाताशी घेतलं, आणि चौघांनी दादासोला कुशीवर वळवून फळीवर घेतलं. मधून कुठे वाकला नाही. मी डोकं धरूनच होते. पट्टे बांधताना रंगुबाईने एक गाठ स्वतः मारली.

सांगलीपर्यंत पाऊण तास लागला. बिरदेव सावकाश चालवत होता. मी गाडीच्या तळाशी बसून डोकं धरलं होतं. पंधरा मिनिटांत मनगटं दुखायला लागली, अर्ध्या तासाने बोटं माझी राहिली नाहीत. पुस्तकात 'डोके स्थिर धरावे' एवढंच आहे. किती वेळ, ते नाही. तासगाव फाट्याजवळ एक खड्डा आला तेव्हा जोतिबांनी आपले हात माझ्या हातांवर ठेवून दाबून धरले. रंगुबाई लेकाशी काहीबाही बोलत होती. शेरडाला पाला घातला का, असलं.

डॉक्टर अनीश दारात भेटले. त्यांनी दादासोला फळीवरच तपासलं, दोन्ही पायांची बोटं हलवायला लावली आणि घोंगडी बघून भुवया वर केल्या. "मणक्याला मार आहे," नंतर मला म्हणाले. "पण नस शाबूत दिसतेय. फोटो काढल्यावर सांगतो. नीट आणलात." मग घोंगडीचा कोपरा चिमटीत धरून म्हणाले, "ते केसाळ कापड मात्र पुढच्या वेळी नको. जखम असली तर चिकटेल."

"पुढच्या वेळी त्याच्यावर दुसरं अंथरू," मी म्हटलं. "पांढरं सोडून कुठलंही."

बाहेर बिरदेव गाडीचं मागचं दार उघडून झाडत होता. पाचटाचे तुकडे, माती. जोतिबा रंगुबाईला केसपेपर काढून द्यायला गेले होते. मी गाडीच्या पायरीवर बसले. आखडलेली बोटं चोळत राहिले. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं ते उलटंच. दहा मिनिटांचं काम. एक घोंगडी, चार माणसं, एक म्हातारा ड्रायव्हर.

"त्या दिवशीही ही घोंगडी तुमच्या खांद्यावर होती ना?" मी विचारलं.

त्याने झाडू थांबवला. "व्हती."

"आणि तरी तुम्ही त्यांना बसवलंत."

झाडू त्याने गाडीला टेकवून ठेवला. मला वाटलं, आता माफी मागेल. त्या माफीची मी वर्षभर वाट बघत होते, आणि ती आता नको वाटत होती.

"मी आडवंच घेतलं व्हतं ताई," तो म्हणाला. "बाकावं, लांब. गुरुजीच म्हनले, बसव मला."

"अण्णा?"

"नाव इचारलं आधी माजं. मग म्हनले, 'बिरदेव, मुलीला फोन गेलाय. ती दारात उभी असेल. मला आडवं बघितलं तर घाबरेल ती. मला बसव.' मी म्हनलो, गुरुजी, पडून ऱ्हावा की. तर म्हनले, 'मला कळतं रे. मी शिकवतो हे.'" अण्णांचं बोलणं तो त्यांच्यासारखं शुद्ध भाषेत म्हणून दाखवत होता, ते मला ऐकवत नव्हतं. "शिकल्याला मानूस. मास्तर. त्यास्नी न्हाई म्हननारा मी कोन?"

"हे मला वर्षभर का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलंच न्हाई. तुमी आलासा त्ये पुस्तक घिऊनच आलासा."

समोर एक रिक्षावाला गिऱ्हाइकाशी भांडत होता. मी त्याच्याकडे बघत बसले. अण्णांवर मला वर्षभरात एकदाही राग आला नव्हता. सगळ्यांवर आला होता. रस्त्यावर खडी टाकणाऱ्यांवर, काखेत हात घालणाऱ्या त्या दोघांवर, साताऱ्याच्या साहेबांवर, नारळावर. एकतीस वर्षं वर्गात मानवी सापळ्याचा तक्ता लावून, मानेचे सात मणके पट्टीने मोजून दाखवणारा हा माणूस. त्याला खरंच कळत होतं. आणि मी घाबरू नये म्हणून तो तीस किलोमीटर ताठ बसून आला. मी काय पाहिलं? ताठ बसलेले अण्णा पाहिले, आणि घाबरले नाही. दारात मी त्यांना म्हटलंही होतं, फार काही लागलेलं दिसत नाही.

मला त्यांच्याशी भांडायचं होतं. जोरात. त्यांना कधी आवडलं नसतं अशा आवाजात.

"ताई," बिरदेव म्हणाला. तो पुस्तकाची प्रत हातात घेऊन पानं उलटत होता. "दुखनेकरीच म्हनला, बसवा, तर काय करायचं? त्ये हितं कुटं हाय?"

कुठेच नव्हतं. इंग्रजी पुस्तकात होतं. रुग्णाने नकार दिला तर काय बोलावं, किती वेळा समजवावं, कशावर सही घ्यावी, पूर्ण एक प्रकरण. मी ते गाळलं होतं. आपल्याकडे असा नकार कोण देणार, असं वाटलं होतं मला.

"मीच गाळलं ते," मी म्हटलं.

"मग आता लिवा की."

मी पर्समधून पेन काढलं. शेवटच्या पानावर, मुद्रकाच्या नावाखाली थोडी जागा होती. लिहिलं: रुग्ण स्वतः 'मला बसवा' म्हणाला तरी बसवू नये. त्याला सांगावे की आडवे नेल्याने घरचे घाबरले तर घाबरू देत.

"वाचून दावा," बिरदेव म्हणाला. मी वाचून दाखवलं. त्याने जरा विचार केला. "त्यात मास्तराचं बी घाला. न्हाईतर शिकल्याला मानूस आला की आमी परत ऐकतो."

मी आणखी एक ओळ लिहिली. रुग्ण शिक्षक असला तरी. मग शिक्षक खोडून गुरुजी केलं, आणि पुढच्या प्रतीसाठी हात पुढे केला. गाडीत पाच प्रती होत्या. बिरदेव एकेक उघडून शेवटचं पान माझ्यासमोर धरत गेला, बोटं अजून नीट वळत नव्हती म्हणून मी सावकाश लिहीत गेले.